दहाव्याचे केस

माणूस गेल्याच्या दहाव्या दिवशी नदीवर जायचं, आणि तेही रडायला नाही, तर केस गोळा करायला! असलं काम वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. प्रतिक्षाच्या वाट्याला आलं होतं. कनेरगाव नाक्याच्या पुढं, पैनगंगेच्या पुलाखाली, बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत ती प्लास्टिकचं पांढरं पोतं घेऊन उभी राहायची. तोंडाला ओढणी, हातात रबरी मोजे. समोर कुणाचे तरी लेक, भाऊ, पुतणे उघड्या अंगानं ओळीनं बसलेले, हरिचंद न्हावी एकेकाच्या डोक्यावरून वस्तरा फिरवतोय, आणि ही वाट बघतेय की डोकी कधी संपतात. लोक वळून वळून बघायचे. एखादी म्हातारी न राहवून विचारायची, “तू कोणाची गं माय?” आता काय सांगणार? मी पीएच.डी.ची, म्हणून?

पीएच.डी.चीच तर होती. जवळा बाजारच्या शेतकऱ्याची लेक, एम.एस्सी.ला पहिली आलेली, हिंगोलीच्या एका कॉलेजात सोमेश्वर सरांच्या हाताखाली चार वर्षं घासलेली. विषय ऐकायला झकास होता. आपल्या मोबाइलात, गाडीत बॅटरी असते ती लिथियमची. लिथियम बाहेरून आणावं लागतं. सोडियम म्हणजे मिठातलं, त्याला काय तोटा? पण सोडियमचा कण लिथियमपेक्षा अंगानं जाड. ग्राफाइटच्या थरांमध्ये लिथियम सुळकन शिरतो, हा अडतो. त्याला राहायला वेगळा कोळसा लागतो, थर वेडेवाकडे पडलेला, आत नॅनो आकाराची छिद्रं असलेला. नॅनो म्हणजे किती, तर एक केस घ्या, त्याची जाडी ऐंशी हजार जागी चिरा, त्यातली एक चीर म्हणजे एक नॅनोमीटर. आणि असा कोळसा माणसाच्या केसांपासूनच फार छान होतो, असं सरांनी कुठल्याशा परदेशी पेपरात वाचलं होतं. झालं! तेव्हापासून प्रतिक्षाच्या नशिबी केस आले.

केस आणायचे, धुवायचे, वाळवायचे, नळीच्या भट्टीत हवा लागू न देता तापवायचे. उरते ती काळी पूड. तिचा पातळ लेप धातूच्या पत्र्यावर दिला की बॅटरीचा ॲनोड तयार. सांगायला हे एवढंच. पण केस धुणं काय असतं ते धुणाऱ्यालाच विचारा. खवट झालेलं खोबरेल, कोंडा, लिखा, कुणाच्या गुटख्याची पुडी, कुणाच्या कापलेल्या गालाचं रक्त. आणि भट्टी सुरू झाली की तो वास! जळक्या केसांचा वास कपड्यांत बसतो, नखांत बसतो, जेवणात येतो. एस.टी.त तिच्या शेजारची बाई दोन थांबे आधीच उठून उभी राहायची. आई तिला घरात पाऊल टाकायच्या आधी मागच्या न्हाणीत पिटाळायची. सुरुवातीला तिला अन्न गेलं नाही. मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हीच तर घाण गोष्ट आहे.

सवय झाली नाही ती सरांची. सरांचे स्वतःचे केस दर पंधरवड्याला काळेभोर होऊन यायचे, आणि तेच सर सलूनमधल्या केसांना नाकं मुरडायचे. कारण आता खेड्यापाड्यातसुद्धा विशीतल्या पोरापासून आजोबापर्यंत सगळे डाय लावतात, आणि डायनं कोळशाचा पार बट्ट्याबोळ होतो. एका सलूनची पूड एक आकडा दाखवायची, दुसऱ्याची दुसरा. मग सरांनी गुंतवळ आणायला लावलं, बायका विंचरताना गळालेले केस भिंतीच्या भोकात कोंबून ठेवतात आणि भांड्यांच्या बदल्यात फेरीवालीला देतात, ते. त्यातही वीस घरांचे वीस प्रकार. चार वर्षं होऊन गेली तरी एकसारखा निकाल नाही. आणि एकसारखा निकाल नाही म्हणजे थिसिस नाही. प्रतिक्षाचं सगळं घोडं तिथंच अडलेलं.

मग एक दिवस सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रयोगशाळेतच मिरचीभजी खात बसले होते. एका हातात भजं, दुसऱ्या हातानं ट्रेमधले केस चाळवत होते, आणि तोच हात पुन्हा भज्याकडं. प्रतिक्षानं मान फिरवली.

“अगं, दहावा!” सर म्हणाले. “एका घरातली पाच-सहा डोकी एकदम. एकाच विहिरीचं पाणी, एकाच चुलीवरचं जेवण. शेतकरी माणसं, डाय-बिय नाही. सॅम्पल एकजात! आणि कुणाला विचारायचंही कारण नाही, तिथं नुसते पडलेले असतात.”

“सर, लोकांचं माणूस गेलेलं असतं.”

“मग? त्यांचं दुःख त्यांच्यापाशी. आपल्याला मटेरियलशी मतलब.” आणि बोटं चाटली. “तूच जा. तू इथली आहेस, तुला भाषा येते.”

म्हणून ती नदीवर उभी राहायची. हरिचंद बिचारा भला माणूस. त्यानं तिला एकच अट घातली होती, “ताई, कावळा शिवल्याबिगर केसाला हात लावायचा न्हाई.” तेवढी ती पाळायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी सोनाजी नावाच्या एका शेतकऱ्याचा दहावा होता. घर तिथलंच, नाक्यापासून आत. तीन लेक, दोन भाऊ, पाचही डोकी काळी कुळकुळीत, सरांना हवी तशी. वस्तरा फिरला. पिंड दगडावर ठेवले. माणसं मागं सरली आणि कावळ्याची वाट बघू लागली. बायका जरा लांब, पाल्याच्या कुंपणाशी बसल्या होत्या.

कावळा येईना. काठच्या लिंबावर चारपाच बसलेले, खाली बघायचे, पंख झाडायचे, पण उतरायचं नाव नाही. मग सुरू झालं मनवणं. मोठा लेक हरीश हात जोडून म्हणाला, “दादा, धाकट्याचं लगीन मी करतो, तुमी फिकर करू नका.” कावळा ढिम्म. भाऊ म्हणाला, “सोनाजी, बैल इकणार न्हाई, माझा सबूद.” ढिम्म. तिसऱ्यानं विहीर बांधून काढायचं कबूल केलं. ऊन डोक्यावर आलं, पिंडावरचं दही सुकायला लागलं. गुरुजींना पुढं दुसऱ्या गावी जायचं होतं. त्यांनी मोबाइलात वेळ बघितली आणि पिशवीतून दर्भ काढून त्याचा कावळा वळायला घेतला. खरा शिवला नाही तर दर्भाचा लावतात. पण घरच्यांना ते मानवत नाही, जन्मभराचा सल राहतो.

तेवढ्यात त्या भावाची नजर प्रतिक्षाच्या पोत्यावर गेली.

“ती पोतंवाली कोण हाय? तिच्यापायी अडलंय बराबर!”

सगळी तुळतुळीत डोकी तिच्याकडं वळली.  पळून जावं तर लोक म्हणणार करणी करायला आली होती. तेवढ्यात बायकांतून एक बाई उठून आली. पन्नाशीची, काटक, कपाळ कोरं. सोनाजीची बायको, नर्मदाबाई. ती काही ओरडली नाही. रिकाम्या पोत्याकडं बघितलं, खाली पडलेल्या केसांकडं बघितलं आणि विचारलं, “माय, केसं कशाला नेऊन राहिलीस गं?”

खोटं बोलता आलं असतं. ‘उशा भरायला’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्या बाईच्या तोंडाकडं बघून प्रतिक्षाला खोटं सुचलंच नाही.

“काकू, कॉलेजात नेते. त्याचा कोळसा करतो आमी. बॅटरीसाठी.”

“जाळता?”

“व्हय.”

“माझ्या माणसाला एकदा जाळलं न आमी,” नर्मदाबाई म्हणाली. “आता त्याच्या नावानं लेकरांनी काढलेली केसंबी जाळता?”

 भट्टीचं तापमान सांगायचं, की थरांमधलं अंतर? प्रतिक्षाला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पोतं तिथंच टाकून द्यावं असं झालं.

“सांग त्याला,” नर्मदाबाईनं तिचं मनगट धरून पिंडाकडं वळवलं. “तूच सांग. आमचं ऐकून न्हाई राहिला त्यो.”

आणि प्रतिक्षानं सांगितलं. मोजे काढले, हात जोडले आणि म्हणाली, “सोनाजीकाका, तुमच्या नावचे केस मी भट्टीत घालणार न्हाई. वाहत्या पाण्याला देईन, माझ्या हातानं.”

लिंबावरनं एक कावळा उतरला, दोन उड्या मारून पुढं आला आणि पिंडाला चोच लावली. बायकांना हुंदका फुटला. भाऊ खाली मान घालून रडायला लागला. प्रतिक्षाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिला कळत होतं की कावळ्याला भूक लागली होती आणि माणसं गप्प उभी राहिली म्हणून तो उतरला, बस. पण कळणं वेगळं आणि शब्द वेगळा. शब्द तर गेला होता.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, दुर्दैवच. त्याच वेळी तिथल्या तिथं केस नदीला दिले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण नदी होती कुठं? पैनगंगेत उन्हाळ्याला डबकी. त्यात म्हशी लोळताहेत, पत्रावळ्या आणि पाऊच तरंगताहेत, कडेनं हिरवा तवंग. मागच्या दहाव्यांचे केस तसेच गाळात रुतलेले. त्यात टाकायचे? तिनं शब्द दिला होता वाहत्या पाण्याचा, आणि आपल्याकडं वाहतं म्हणजे वाहतंच लागतं. नर्मदाबाईलाही ते पटलं. तिनं प्रतिक्षाचं गाव विचारून घेतलं. म्हणाली, “तू पूर्णा नदीकडची न्हव? तिकडं दे मग. धरणाखाली पाणी असतंय.” प्रतिक्षा म्हणाली, रविवारी घरी जाते तेव्हा देते. केस पोत्यात भरून तिनं ते तोवर प्रयोगशाळेच्या कपाटात, सगळ्यात खाली, फडक्यांच्या मागं ठेवलं.

शनिवारी दुपारी ती पोतं न्यायला गेली, तर दारातच तो वास आला. भट्टी तापलेली, आर्गॉनचा सिलेंडर सुरू, आणि सर खुर्चीत पाय पसरून बसलेले.

“काय गं, एवढं सुंदर सॅम्पल लपवून ठेवतेस? मी स्वतः धुऊन टाकलं बघ. घरातल्या घरात एकजात केस, एक काडी वेगळी नाही!”

प्रतिक्षा कपाटापाशी गेली. रिकामं पोतं उलटं पडलं होतं. तिनं उगाचच ते झटकलं.

“सर, मी शब्द दिला होता.”

“कुणाला?”

“त्या घरच्यांना. गेलेल्या माणसाला.”

सर इतके हसले की डोळ्यांतनं पाणी आलं. सगळी हकीकत काढून घेतली, कावळ्याशी तर पुन्हा हसले. “एम.एस्सी.ला पहिली, आणि कावळ्याला भितेस? कमाल आहे तुम्हा लोकांची!” मग हसणं एकदम थांबवून म्हणाले, “हे बघ, थिसिसवर सही कावळा करणार आहे का मी?”

ती भट्टीची लाल काच बघत उभी राहिली. त्या क्षणी सरांच्या थोबाडावर रिकामं पोतं फेकून निघून जायला हवं होतं. कुणीही हेच म्हणेल. पण चार वर्षं, आईबापानं गावात सांगून ठेवलेलं ‘पोरगी डाक्टर व्हणार’, आणि एक सही. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याची तिला जी शिसारी आली ती केसांची कधी आली नव्हती. त्या दिवशी तिनं साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. वास जाईना.

पूड घेऊन सर स्वतः नांदेडला गेले. सेल बांधायची बिनहवेची पेटी तिकडच्या प्रयोगशाळेत होती. पुढं काही आठवड्यांनी आलेख आला. काय सांगू, सरळ रेघ! सेल भरा, रिकामा करा, पुन्हा भरा, शेकडो वेळा, तरी उतरायचं नाव नाही. चार वर्षं जी रेघ बघायला प्रतिक्षा तडफडली ती रेघ. ती बघून तिला आनंद झाला. खरंच झाला, पोटातनं उसळून आला. आणि लगेच लक्षात आलं की हे कुणाचे केस, आणि तो आनंद आंबून गेला.

“आता हे पुन्हा करून दाखवलं की संपलं,” सर म्हणाले. “तुझा थिसिस, माझं पेटंट. सॅम्पल मात्र त्याच घरचं पाहिजे. तेच पाणी, तेच खाणं.”

“त्यांच्या घरी आता दहावा नाही, सर.” हे ती जरा कडू बोलली.

“पुरुषांचं सोड. बायका आहेत ना! लांब केस, एका डोक्यात पाच पुरुषांचा माल.” सर हळू आवाजात, एखादी युक्ती सांगावी तसे म्हणाले, “आणि ती विधवा. तिला आता केसांचं काय करायचंय?”

प्रतिक्षा बेसिनपाशी गेली आणि भडाभडा ओकली. सरांना वाटलं, ऊन लागलं. म्हणाले, लिंबूपाणी घे.

शी! असल्या माणसाच्या शेजारी बसून ती गाडीतनं कनेरगाव नाक्याला गेली, ह्याचंही लोकांना नवल वाटेल. पण ती गेली नसती तर तो एकटा गेला असता, आणि त्या बाईपुढं काय काय बरळला असता कोण जाणे. आपण असलो तर निदान त्याचं तोंड धरू, असं तिला वाटलं. गाडीत गुलाबाचा अत्तरी वास सुटलेला. मागच्या सीटवर नवाकोरा कुकर, खोक्यात. त्याच्या शेजारी सरांची बॅग, बॅगेत पुडीची बाटली आणि डबीत तो सेल. हे सगळं दाखवून बायकांना खूश करायचं, असा बेत.

लेक शेतात गेले होते. घरी नर्मदाबाई आणि थोरली सून रीता. ओसरीवर बाज टाकली, पाणी दिलं. नर्मदाबाईनं प्रतिक्षाला बघितल्याबरोबर ओळखलं. सरांकडं लक्षही न देता तिला विचारलं, “दिलीस का गं माय पाण्याला?”

 प्रतिक्षानं वर बघितलं आणि खाली बघितलं. सर मात्र फुटाण्यासारखे उडाले.

“अहो ताई, पाण्यात टाकून काय झालं असतं? माशांनी खाल्ले असते! आम्ही बघा काय केलंय.” त्यांनी डबी उघडली. नाण्याएवढा सेल, त्याला दोन तारा, तारेला लाल दिवा, मसुरीच्या दाण्याएवढा. चिमटा लावला. दिवा लागला. “तुमच्या घरच्या केसांचा हा उजेड! सोनाजीरावांच्या नावानं दिलेले केस, त्यांनी दिवा लावला. सोनाजीरावच ह्यात आहेत म्हणा ना!”

प्रतिक्षानं डोळे मिटले.  रीता सासूकडं बघत होती.

सरांना वाटलं, रंग भरला. त्यांनी कुकरचं खोकं पुढं सरकवलं. “हा तुम्हाला. आता एवढंच, की आणखी थोडे केस लागतील. ह्या सूनबाईंचे, आणि तुमचे. सूनबाईंचे नुसते खालून कापू. तुमचे तर काय, आता तसंही...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, पण ते पुरं करायची गरजच नव्हती. रीतानं पदर डोक्यावरनं खसकन पुढं ओढला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. नर्मदाबाईचा हात आपसूक मानेवरच्या बुचड्याकडं गेला आणि तिथंच थांबला. ‘गुरासारखं बोलतोय हा माणूस, आणि मी त्याच्या गाडीतनं आलेय,’ एवढंच प्रतिक्षाच्या डोक्यात घुमत होतं.

“म्हंजे जाळली,” नर्मदाबाई म्हणाली.

“ताई, जाळणं वेगळं आणि हे...”

“मालक ह्यात हायेत म्हणता?”

“अगदी!” सर हसले.

“मंग द्या इकडं.”

सरांचं हसू जागच्या जागी राहिलं. “नाही नाही, हे देता येत नाही. असा एकच आहे. म्हणजे बोलायची एक पद्धत असते, ताई. खरं म्हणाल तर ह्यात कुणी नाही, नुसता कार्बन आहे. कोळसा.”

“मघाशी तर हायेत म्हणले.”

“अहो, ते आपलं...”

“तुमाला न्हाई इचारलं.” नर्मदाबाई प्रतिक्षाकडं वळली. “तू सांग. तू शिकलेली हायस. तुझ्या सबदावर त्यो गेला. हाय का न्हाई त्यो ह्यात?”

खरं उत्तर एकच होतं. नाही. भट्टीत केसांचं जे होतं ते तिच्याइतकं ह्या जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं. पाणी जातं, वायू जातात, गंधक थोडं राहतं, उरतो तो कोळसा, आणि कोळशात कुणी राहत नाही. सर तिच्याकडं बघून मान हलवत होते, की सांग बाई, सांग. ती ‘नाही’ म्हणाली की सेल डबीत, डबी बॅगेत, आणि थिसिसवर सही. चार वर्षांत तिनं एक आकडा खोटा लिहिला नव्हता. सरांनी दोनदा सुचवूनही नाही. आणि आता हा माणूस तिच्या खरेपणावर टेकून बसला होता.

“व्हय काकू,” प्रतिक्षा म्हणाली. “हायेत ते ह्यात.”

“प्रतिक्षा!”

तिनं सरांच्या हातातनं तारेसकट सेल काढून घेतला. मग त्यांच्या मांडीवरच्या बॅगेत हात घातला, पुडीची बाटली काढली आणि दोन्ही वस्तू नर्मदाबाईच्या ओंजळीत ठेवल्या. “सगळं हेच हाय, काकू. कॉलेजात काही राहिलं न्हाई. मी सबूद मोडला.”

“तुला कळतंय का तू काय करतेयस?” सर उभे राहून ओरडले. तोंडाला फेस आला होता. “थिसिस गेला तुझा! जन्मभर सही करणार नाही मी!”

“नका करू,” प्रतिक्षा म्हणाली. “तुमची सही असलेला कागद घरात ठेवायचीबी किळस येईल मला.”

सर मग नर्मदाबाईकडं वळले. हात पुढं करून, आवाज मऊ करून म्हणाले, “ताई, ती बाटली इकडं द्या बघू. पोरीचं डोकं फिरलंय. ते माझं आहे.”

नर्मदाबाईनं ओंजळ पदराखाली घेतली. लाल दिवा पदरातनं दिसत होता, तो तिनं मुठीत झाकला. सरांच्या त्या काळ्याभोर, चापून बसवलेल्या केसांकडं तिनं एकवार नीट बघितलं.

“तुमचं?” ती म्हणाली. “काहून? तुमच्या घरचं कोण गेलंय?”